खतावणी मालकाकडे, आजार कामगाराकडे

संगणकाची चिप जेथे तयार होते ती खोली शस्त्रक्रियागृहापेक्षाही स्वच्छ असते. तेथील हवा अहोरात्र गाळली जाते, तापमान काटेकोर सांभाळले जाते आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख चढवावा लागतो. वर्तमानपत्रात हे छायाचित्र पाहणाऱ्याला वाटते, कामगाराची केवढी ही काळजी! वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. तो पोशाख माणसाला रसायनांपासून वाचवण्यासाठी नसून चिपला माणसापासून वाचवण्यासाठी असतो. अंगावरचा एखादा केस, त्वचेचा एखादा कण सिलिकॉनच्या चकतीवर पडला तर लाखमोलाचा माल वाया जातो. धूळ अडवणाऱ्या त्या गाळण्या विद्रावकांची वाफ मात्र अडवत नाहीत. थोडक्यात, खोली स्वच्छ आहे ती मालाच्या दृष्टीने. माणसाच्या दृष्टीने ती किती स्वच्छ आहे, हा प्रश्न दक्षिण कोरियातील एका टॅक्सीचालकाने विचारला आणि त्याचे उत्तर मिळवायला त्याला अकरा वर्षे लागली.

ह्वांग सांग-गी हे त्याचे नाव. सोकचो या किनाऱ्यावरच्या गावात तो टॅक्सी चालवी. त्याची मुलगी ह्वांग यू-मी शाळा संपवून २००३ मध्ये सॅमसंगच्या गीहुंग येथील कारखान्यात लागली. कोरियात सॅमसंगची नोकरी म्हणजे आपल्याकडे एके काळी बँकेत किंवा रेल्वेत चिकटल्यासारखेच. चकत्या रसायनांत बुडवून काढायच्या, हे तिचे काम. दोन वर्षांच्या आत, जून २००५ मध्ये, तिला रक्ताचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. तिच्याबरोबर त्याच जागी जोडीने काम करणारी दुसरी कामगार ऑगस्ट २००६ मध्ये रक्ताच्या कर्करोगानेच गेली. यू-मी ६ मार्च २००७ रोजी वारली, वयाची पंचविशीही न गाठता. रुग्णालयातून घरी नेताना, वडिलांच्याच टॅक्सीच्या मागच्या आसनावर.

एका जागी काम करणाऱ्या दोघीजणी, दोघींना एकच दुर्मीळ आजार. शहाणपणाला एवढे पुरेसे आहे. कायद्याला ते पुरेसे नव्हते.

पुराव्याचे तीन कुलपे लावलेले दार

ह्वांगने कामगार नुकसानभरपाईच्या सरकारी विमा संस्थेकडे अर्ज केला. २००९ मध्ये तो फेटाळला गेला. दरम्यान २००७ च्या अखेरीस काही कार्यकर्ते, डॉक्टर आणि कामगार कायद्याचे जाणकार एकत्र येऊन ‘बानोलिम’ ही संघटना उभी राहिली होती. प्रकरण न्यायालयात गेले. दावा सरकारी संस्थेविरुद्ध होता, तरी तिच्या बाजूने सॅमसंगही त्यात उतरली. जून २०११ मध्ये सोलच्या प्रशासकीय न्यायालयाने यू-मी आणि तिची सहकारी या दोघींचा आजार कामातून उद्भवला असे मान्य केले. त्याच दाव्यातील इतर तिघांना मात्र नकार मिळाला. ऑगस्ट २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने हाच निकाल कायम ठेवला, दोघींच्या बाबतीतही आणि तिघांच्या बाबतीतही.

त्या तिघांचा आजार कमी खरा होता काय? नाही. त्यांचा पुरावा कमी पडला. जगभर रसायनांनी आजारी पडलेल्या कामगारांच्या लढ्याचे मर्म या एका वाक्यात आहे. यंत्रात हात सापडून बोटे तुटली तर पुरावा डोळ्यांसमोर असतो. रसायन तसे करीत नाही. ते शरीरात शिरते त्या दिवशी काहीच होत नाही. आजार उघड होतो तो पाच, दहा, कधी तीस वर्षांनी. तोवर कामगाराने नोकरी सोडलेली असते, कारखान्याने यंत्रे बदललेली असतात, जुनी रसायने मोडीत निघालेली असतात. हे पहिले कुलूप.

दुसरे कुलूप शास्त्राचे. कर्करोगाच्या पेशीवर कारखान्याचा शिक्का नसतो. ज्याने कारखान्याचे तोंड पाहिले नाही अशा माणसालाही तो होतो. ‘याच रसायनामुळे, याच माणसाला’ असे कोणताही प्रामाणिक डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकत नाही. तो फार तर सांगेल की अशा कामाने धोका इतक्या पटींनी वाढतो. कारखान्याचा वकील नेमके हेच पकडतो.

आणि तिसरे, सर्वांत भक्कम कुलूप म्हणजे कागदाचे. कोणते रसायन वापरले, किती वापरले, हवेत त्याचे प्रमाण किती होते, वायू मापणारी यंत्रे कितीदा वाजली, वार्षिक तपासणीत कामगाराच्या रक्तात काय दिसले, या सगळ्याच्या नोंदी कोणाकडे असतात? ज्याच्यावर दावा लावायचा त्याच्याकडे. त्या मागितल्या तर उत्तर येते, हे व्यापारी गुपित आहे. चुलीवर काय शिजत होते हे सांगायचे नाही आणि विषबाधा कशाने झाली हे मात्र जेवणाऱ्याने सिद्ध करायचे, असा हा न्याय.

माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली, त्यामुळे हा मुद्दा मला खतावणीच्या भाषेत चटकन कळतो. कर्जदार आणि बँक यांच्यात वाद झाला तर हिशेबाची वही बँकेकडे असते हे उघडच आहे. पण म्हणून ‘किती रक्कम भरली ते तुम्हीच सिद्ध करा, आम्ही वही दाखवणार नाही’ असे बँकेला म्हणता येत नाही. बँकेच्या वहीतील नोंदीची प्रमाणित प्रत पुरावा म्हणून चालावी, यासाठी १८९१ साली इंग्रजांनी स्वतंत्र कायदाच केला. जी गोष्ट एखाद्याच्या विशेष माहितीतली असते ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच असतो, हे तत्त्व तर १८७२ च्या पुरावा कायद्यात होतेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते आहे. पैशाच्या बाबतीत जे आपल्याला सव्वाशे वर्षांपूर्वी उमगले, ते फुप्फुसाच्या आणि रक्ताच्या बाबतीत उमगायला इतका वेळ का लागावा?

कोरियाने उघडलेले आणि पुन्हा लावलेले दार

कोरियात हे उमगले, पण उशिरा. सॅमसंगच्या एलसीडी कारखान्यात काम केलेल्या आणि मज्जासंस्थेच्या आजाराने ग्रासलेल्या एका महिलेच्या प्रकरणात ऑगस्ट २०१७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचा निकाल दिला. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे: नव्या उद्योगात रसायनांचे परिणाम शास्त्रालाच पुरते ठाऊक नसतात, म्हणून केवळ संशोधन अपुरे आहे एवढ्यावर कामगाराचा दावा फेटाळता येत नाही. शिवाय मालकाने किंवा सरकारी खात्याने माहिती द्यायला नकार दिल्यामुळे पुरावा अपुरा राहिला असेल, तर ती गोष्ट कामगाराच्या बाजूने धरावी. म्हणजे ज्याने खतावणी लपवली त्याला तिच्या अभावाचा फायदा मिळणार नाही.

पुढच्याच वर्षी तडजोड झाली. बानोलिमचे लोक सॅमसंगच्या सोलमधील कचेरीसमोर हजारांहून अधिक दिवस ठाण मांडून बसले होते. २०१४ मध्ये माजी सर्वोच्च न्यायालय न्यायमूर्ती किम जी-ह्युंग यांच्या अध्यक्षतेखाली मध्यस्थ समिती नेमली गेली होती. तिची पहिली शिफारस २०१५ मध्ये बाजूला ठेवून कंपनीने स्वतःचीच भरपाई योजना सुरू केली होती. अखेर २३ नोव्हेंबर २०१८ रोजी कंपनीचे प्रमुख किम की-नाम यांनी जाहीर माफी मागितली. १९८४ पासून चिप आणि एलसीडीच्या कारखान्यांत वर्षभर किंवा अधिक काम केलेल्या आणि ठरलेल्या यादीतील आजार झालेल्यांना भरपाई देण्याचे ठरले. कमाल रक्कम पंधरा कोटी वॉन, तेव्हाच्या दराने नव्वद लाख रुपयांहून अधिक. योजनेची मुदत २०२८ पर्यंत. गर्भपात आणि मुलांमधील काही आजारही तिच्या कक्षेत आले.

या योजनेत पाहण्यासारखी गोष्ट रक्कम ही नाही, निकष ही आहे. इतकी वर्षे काम, अमुक आजार, एवढे जुळले की भरपाई. ‘याच रसायनामुळे झाले हे दाखवा’ हा प्रश्नच काढून टाकला गेला. अर्थात कंपनीने धोक्याची पुरेशी काळजी घेतली नाही असे कबूल केले, आजार आमच्यामुळे झाला असे म्हटले नाही. पण आजारी माणसाला शब्दाच्या कसरतीपेक्षा औषधाचा खर्च महत्त्वाचा असतो.

मात्र गोष्ट येथे सुखान्त होत नाही. त्याच २०१८ च्या फेब्रुवारीत एका उच्च न्यायालयाने सॅमसंगच्या ओन्यांग कारखान्यातील हवेच्या मोजणीचे अहवाल उघड करण्याचा आदेश दिला होता. तेव्हा कंपनी उद्योग खात्याकडे गेली आणि खात्याने एप्रिलमध्ये ठरवले की या अहवालांत ‘राष्ट्रीय महत्त्वाचे तंत्रज्ञान’ आहे. २०१९ मध्ये तर कायदाच बदलला गेला आणि अशा तंत्रज्ञानाची माहिती उघड करण्यावर बंधने आली. न्यायालयाने मालकाच्या व्यापारी गुपिताला खिंडार पाडले, तेव्हा त्याच्या जागी देशाचे गुपित उभे राहिले! भरपाई मिळाली, पण खतावणी काही हाती आली नाही.

कारखानदाराची बाजू

कारखानदारांची बाजूही ऐकली पाहिजे. लाखभर माणसे काम करतात तेथे काहींना कर्करोग होणारच, तो तसाही झाला असता, प्रत्येक आजाराचे बिल कारखान्याच्या नावे कसे फाडणार, असे ते विचारतात. प्रश्न गैरवाजवी नाही. त्याला दोन उत्तरे आहेत.

पहिले आकड्यांचे. कोरियाच्या सरकारी व्यवसाय-आरोग्य संस्थेने सहा चिप कंपन्यांतील सुमारे दोन लाख कामगारांच्या नोंदी तपासून मे २०१९ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. चिप कामगारांत, त्यातही महिलांत, ल्युकेमियाने मरण्याचा धोका सर्वसाधारण जनतेच्या १.७१ पट, तर इतर कामगारांच्या २.३ पट आढळला. या दोन आकड्यांतला फरक लक्षात घेण्याजोगा आहे. कारखाना मुळातच धडधाकट तरुणांना निवडून घेतो. त्यांची तुलना वृद्ध आणि आजारी धरून असलेल्या जनतेशी केली की धोका कमी दिसतो, कामगारांशी केली की तो खरा दिसतो. ‘आमच्याकडे आजाराचे प्रमाण बाहेरच्यापेक्षा वेगळे नाही’ असे कोणी सांगितले, तर ‘बाहेरचे’ म्हणजे कोण, हे आधी विचारावे.

दुसरे उत्तर तत्त्वाचे. कामगार भरपाई ही फाशीची शिक्षा नव्हे की संशयाला तिळमात्र जागा राहू नये. तो विमा आहे. विम्यात धोक्याची वाटणी होते, गुन्ह्याचा निवाडा नाही. दोन-चार अपात्रांना भरपाई मिळण्याने कारखाना बुडत नाही. पात्र माणूस पुराव्याअभावी परत गेला तर त्याचे घर बुडते.

आपण कागदावर पुढे

आता आपल्याकडे वळू. गंमत अशी की कायद्याच्या कागदावर आपण मागे नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला व्यवसायजन्य आजारांची अनुसूची होती. पारा, शिसे, बेंझिन यांसारख्या द्रव्यांशी ठरावीक काळ संबंध आला आणि यादीतला आजार झाला, तर तो कामातूनच झाला असे गृहीत धरावे, उलट सिद्ध करायचे तर ते मालकाने करावे, अशी त्यात तरतूद. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात नवे प्रकरण आले. धोक्याची माहिती कामगारांना द्यावी, त्यांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवाव्यात आणि त्या त्यांना पाहायला मिळाव्यात, असे त्यात सांगितले. आणि २७ जानेवारी १९९५ रोजी ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आरोग्य हा कामगाराचा मूलभूत हक्क ठरवून आदेश दिला की प्रत्येकाची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून किमान चाळीस वर्षे, किंवा नोकरी संपल्यावर पंधरा वर्षे, यांत जे नंतर येईल तोपर्यंत जपावी. कोरियाचे न्यायालय २०१७ मध्ये ज्या ठिकाणी पोचले, त्याचा पाया आपण बावीस वर्षे आधी घातला होता.

मग झाले काय? मुंबईतील एका ॲस्बेस्टॉस कारखान्याच्या १८१ कामगारांची तपासणी डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी केली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार ४१ जणांना ॲस्बेस्टॉसिस आढळला. आदेशाला दहा वर्षे झाली होती आणि ही माणसे तेव्हा नोकरीत होती.

कोडाईकनालचे उदाहरण आणखी बोलके आहे. न्यूयॉर्क राज्यातून उचलून आणलेला थर्मामीटरचा कारखाना तेथे १९८० च्या दशकात सुरू झाला आणि पुढे मुंबईत मुख्यालय असलेल्या हिंदुस्थान लिव्हरकडे आला. मार्च २००१ मध्ये पारामिश्रित काचेचा ७.४ टन भंगार गावातल्या भंगारवाल्याकडे उघड्यावर सापडला, तेव्हा कारखाना बंद झाला. माजी कामगार २००६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात गेले. एका तज्ज्ञ समितीने आजार आणि पारा यांचा संबंध जोडायला पुरावा अपुरा ठरवला, तर केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या २०११ च्या अहवालाने कामगारांच्या म्हणण्यात तथ्य असल्याचे नोंदवले. कंपनी शेवटपर्यंत म्हणत राहिली की आरोग्याला अपाय झालेला नाही. मार्च २०१६ मध्ये ५९१ कामगार आणि त्यांच्या कुटुंबांशी समझोता झाला, तोही मानवतेच्या भावनेतून, असे सांगत. पारा शरीरातून बाहेर पडतो, मागे आजार उरतो. कारखाना चालू असताना कोणाच्या लघवीत किती पारा होता, याची कामगाराच्या स्वतःच्या हातात नोंद असती, तर हा वाद पंधरा वर्षे चालला असता काय?

आणि ज्यांचे नावच कोठल्या हजेरीपटावर नाही त्यांचे काय? मध्य प्रदेशातील झाबुआ, अलिराजपूर भागातले आदिवासी गुजरातेत गोध्र्याजवळ गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत गेले आणि सिलिकाची धूळ छातीत घेऊन परतले. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. सिलिकोसिसच्या कित्येक रोग्यांवर क्षयाचेच उपचार चालतात, कारण डॉक्टर खोकला तपासतात, धंदा विचारत नाहीत. आपल्या औद्योगिक वसाहतींत रसायनांची पिंपे उपसणारे हातही बहुतेक कंत्राटदाराचे असतात. कंत्राटदार बदलला की कामगाराचा भूतकाळ पुसला जातो. चाळीस वर्षे नोंद जपायची, पण कोणाची? जो चाळीस आठवडेही एका हजेरीपटावर नसतो त्याची?

खातेदाराचे पासबुक

कारखान्याला खेळत्या भांडवलाचे कर्ज दिले की बँकेत दरमहा स्टॉक स्टेटमेंट येई. विद्रावकाची पिंपे किती, आम्ल किती लिटर, भाव काय. त्यावर उचल ठरे. अधिकारी गोदामात जाऊन पिंपे मोजून येई, मालाचा आगीचा विमा काटेकोर तपासला जाई. ती पिंपे ज्याच्या हातून रिकामी होत त्याच्यासाठी त्या छापील नमुन्यात रकाना नव्हता. यात कोणा एकाचा दुष्टपणा नाही. व्यवस्थेला ज्याची किंमत वाटते त्याचीच ती नोंद ठेवते.

पण त्याच बँकेने एक साधी, अस्सल लोकशाहीची वस्तूही या देशात घरोघरी पोचवली आहे. ती म्हणजे पासबुक. खतावणी बँकेची, पण तिची नक्कल खातेदाराच्या ट्रंकेत. शाखा बदलली, साहेब बदलला, संगणक आले, तरी म्हातारी पासबुक पुढे सरकवून विचारू शकते, माझे पैसे कुठे आहेत? कामगाराला हवे आहे ते हेच. कोणत्या विभागात किती महिने, कोणती द्रव्ये, हवेची मोजणी काय आली, रक्त-लघवीच्या तपासणीत काय निघाले, हे सारे त्याच्या भाषेत, मालकाच्या सहीने, त्याच्या स्वतःच्या हातात. नोकरी सोडताना ते परत घ्यायचे नाही. कंत्राटदार बदलला तरी वही तीच राहील. नोंद नसेल तर ती कामगाराच्या विरुद्ध नव्हे, मालकाच्या विरुद्ध धरली जाईल. यात गुपित फुटण्याचा बाऊ नको. चिप कशी बनते हे कामगाराला नको आहे, ती बनताना आपल्या श्वासात काय गेले तेवढे हवे आहे.

हे आज बोलण्याचे कारण आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रम संहिता लागू झाल्या. कारखाने कायदा आणि नुकसानभरपाई कायदा त्यांत सामावले गेले. आजारांच्या अनुसूची त्यांत आहेत, कामगारांच्या मोफत वार्षिक आरोग्य तपासणीची तरतूदही आहे. तिचा कागद कामगाराच्या हाती पडतो की कचेरीच्या कपाटात, हे राज्यांच्या नियमांवर आणि अंमलबजावणीवर ठरेल. दुसरीकडे चिप उद्योगासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. साणंदला जुळवणी-चाचणीचे प्रकल्प आले, धोलेऱ्याला तैवानच्या पॉवरचिपबरोबरच्या टाटांच्या कारखान्याला फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. जुळवणीच्या कामात धोका नाही असे मानण्याचेही कारण नाही. ज्याच्या हवेचे अहवाल कोरियात दडवले गेले तो ओन्यांगचा कारखाना जुळवणीचाच. कारखाने यावेत, अवश्य यावेत. आपल्या मुलामुलींना काम हवे आहे. पण यंत्रे आणताना त्यांच्याबरोबरचा वीस वर्षांचा कोरियन अनुभवही आयात करावा, त्यावर जकात नाही.

या कारखान्यांत आज रुजू होणाऱ्या विशीतल्या मुलींना उद्या काही झालेच, तर ते कदाचित २०४० च्या आसपास कळेल. तेव्हा कोणी बाप न्यायालयाच्या पायऱ्या चढू लागला, तर त्याला लागणारा पुरावा त्या वर्षी तयार करता येणार नाही. तो आजच, कामाच्या पहिल्या दिवशी, वहीच्या पहिल्या पानावर लिहिला गेला पाहिजे. आणि ती वही तिच्या घरी असली पाहिजे.